विमानतळाच्या नकाशात आत्याचं घर

पुढच्या वेळी विमानाने मुंबईला आलात तर उजव्या बाजूची खिडकी मागून घ्या. बहुतेक वेळा विमान पूर्वेकडून उतरतं. आधी ठाण्याची खाडी दिसते, काठची खारफुटी आणि मिठागरं दिसतात, आणि मग एकदम घाटकोपर. लांबवर पवईचा तलाव चमकतो. पुढे असल्फाची टेकडी येते. घरावर घर चढलेलं, छपरांवर निळ्या ताडपत्र्या. विमान इतकं खाली आलेलं असतं की गच्चीवर वाळत घातलेली चादर फुलाफुलांची आहे की चौकड्यांची, तेही कळतं. मग भिंत, गवत आणि चाकं टेकल्याचा धक्का.

आपण म्हणतो, आला एकदाचा विमानतळ!

मीही तसंच म्हणायचे. मी मूळची इंदूरची. लहानपणी मे महिन्यात आत्याकडे यायचे आणि दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी मुंबईत आले ती तिच्याकडेच राहिले. आत्या विलेपार्ल्यात राहते, मोठ्या धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून साधारण एक किलोमीटरवर. उड्डाण केलेली विमानं तिच्या गच्चीवरून समुद्राकडे जातात. या भागातल्या माणसांना बोलताना मध्येच थांबायची सवय असते. विमान गेलं की वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू. आत्याच्या कितीतरी मालिकांमधला खुनी कोण ते तिला शेजारणीकडून कळलेलं आहे. २०२० साली २५ मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं बंद होती, तेव्हा म्हणे तिला पहाटे शांततेमुळे जाग यायची.

तर, अशा घरात बसून मला एक लेख लिहायचा होता. मी कंटेंट रायटर आहे. आज खोबरेल तेल, उद्या गृहकर्ज, परवा उन्हाळी सहली. त्या दिवशी विषय आला होता ‘विमानतळाच्या बांधकामात आणि व्यवस्थापनात जीआयएसचा वापर’. आठशे शब्द, उद्या सकाळपर्यंत. इंग्रजी साहित्यात बीए केलेल्या मुलीला हा विषय कोणी दिला, ते विचारू नका. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली.’ दुसरं सुचेना.

आत्या समोर मेथी निवडत होती. म्हणाली, “काय असतं गं ते?”

मी म्हटलं, “नकाशा असतो. पण संगणकातला. एकावर एक थर असलेला.”

“मग त्यात आपलं घर कोणत्या रंगात आहे ते बघ की. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणत होते, विमानतळाच्या नकाशात प्रत्येक घराला रंग आहे म्हणून.”

खरं सांगते, तोपर्यंत मला हे माहीत नव्हतं. आठशे शब्द मी कसेबसे पूर्ण केले, ते छापूनही आले आणि कोणाच्या लक्षातही राहिले नसतील. आत्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. त्यानंतरचे तीन-चार रविवार मी मुंबईच्या विमानतळाभोवती फिरले. आत नाही, बाहेरून. तुम्हालाही फिरता येईल. त्याला तिकीट लागत नाही.

थरांचा नकाशा

आधी जीआयएसचं थोडक्यात सांगते. भरतकामाचा नमुना कापडावर उतरवताना आपण ट्रेसिंग पेपर वापरतो ना, तसे शहराचे दहा-बारा कागद आहेत असं समजा. एकावर फक्त रस्ते. दुसऱ्यावर फक्त नद्या आणि नाले. तिसऱ्यावर इमारती, प्रत्येकीची उंची लिहिलेली. चौथ्यावर जमिनीचे चढ-उतार. पाचव्यावर जमिनीखालच्या केबल आणि पाइप. सगळे कागद एकाच मापाचे आहेत आणि एकाच खुणेवर टाचून ठेवलेले आहेत. हवे ते कागद काढा, हवे ते ठेवा आणि मग प्रश्न विचारा. धावपट्टीपासून दोन किलोमीटरच्या आत, २५ मीटरपेक्षा उंच आणि टेकडीवर असलेल्या इमारती किती? संगणक कागद जुळवून उत्तर देतो.

विमानतळाच्या आतल्या कामांसाठीही हे वापरतात. धावपट्टीच्या कडेचा दिवा, गटाराचं झाकण, डांबराला पडलेली चीर, प्रत्येकाला नकाशात स्वतःचा पत्ता देता येतो. मुंबईत दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळेत दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी सुटी सुटी वाहतूक चालवता येत नाही. वर्षाला ५ कोटींहून जास्त प्रवासी हाताळणाऱ्या विमानतळाला असे सहा तास मिळतात. तेवढ्यात चीर नेमकी कुठे आहे ते शोधत फिरायला वेळ कोणाला आहे?

पण मला आतल्या दिव्यांपेक्षा बाहेरच्या घरांचं कुतूहल जास्त होतं. त्यामुळे आपण बाहेरच राहू.

हवेतली परात

विमानतळाचा सगळ्यात महत्त्वाचा थर डोळ्यांना दिसतच नाही. तो हवेत आहे.

एक भली मोठी परात डोळ्यांपुढे आणा. तळाशी मध्यभागी धावपट्टी. तिच्या दोन्ही लांब बाजूंना परातीचा काठ वर चढत जातो, ७ मीटर लांब गेलं की १ मीटर वर. ४५ मीटर उंचीला पोचला की सपाट होतो आणि साधारण ४ किलोमीटरपर्यंत सपाटच राहतो. त्यापुढे पुन्हा हळूहळू वर. आणि धावपट्टीच्या दोन टोकांना, जिथून विमानं येतात-जातात, तिथे परातीला दोन लांब पन्हळी जोडलेल्या आहेत. त्यांचा चढ फारच मंद असतो. पहिल्या ३ किलोमीटरपर्यंत १०० मीटरला फक्त २ मीटर, मग अडीच. शेवटचा लांब भाग सपाट. एक पन्हळ १५ किलोमीटर लांब असते. पूर्वेकडची पन्हळ ठाण्याची खाडी ओलांडून कोपरखैरणे-घणसोलीच्या बाजूला पोचते. मुंबईकर या पन्हळींना ‘फनेल झोन’ म्हणतात. भाजीवाल्यापासून इस्टेट एजंटपर्यंत सगळ्यांना हा शब्द ठाऊक आहे.

हे आकार मुंबईने ठरवलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत ते दिलेले आहेत आणि मोठ्या धावपट्ट्यांना जगभर जवळजवळ हेच माप लागू होतं. नियम साधा आहे. परातीला खालून काहीही टोचता कामा नये. इमारत नाही, टॉवर नाही, क्रेन नाही, झाडसुद्धा नाही.

आता आत्याच्या घराचा हिशेब करा. टोकापासून एक किलोमीटर. १०० मीटरला २ मीटर. पन्हळ धावपट्टीच्या टोकापासून थोडं अंतर सोडून सुरू होते, त्यामुळे आत्याच्या डोक्यावर ती साधारण १९ मीटर उंचीवर येते. १९ मीटर म्हणजे जेमतेम सहा मजले, तेही पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली धरून. तिची इमारत चार मजल्यांची आहे. साठ वर्षं जुनी. जिन्याखाली लोखंडी टेकू लावलेत आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या छताखाली कायमची एक बादली असते.

एरवी अशी इमारत पाडून नवी बांधतात. बिल्डर जुन्या रहिवाशांना घरं देतो, वर आणखी मजले चढवतो, ते विकतो आणि त्यातून खर्च काढतो. पण वर मजले चढवायचेच नसतील तर? दोन बिल्डर येऊन गेले. चहा प्यायले, गच्चीवर गेले, डोक्यावरून जाणारं विमान बघितलं आणि पुन्हा फिरकले नाहीत. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या भागांत अशा कितीतरी इमारती आहेत.

लाल म्हणजे काय?

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पाच मिनिटं लागली. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मोठ्या विमानतळांभोवतीचे रंगीत नकाशे केले आहेत. सगळा परिसर चौकोनांत वाटलेला आणि चौकोनाला रंग, रंगाप्रमाणे चालणारी उंची. २०१५ साली आलेल्या उंचीच्या नियमांनंतर अर्ज, परवानगी हे सगळं ऑनलाइन होतं. ज्या चौकोनात उंची ठरवून दिली आहे, तिथे तेवढ्या उंचीपर्यंत महापालिका स्वतःच परवानगी देऊ शकते.

आत्याचा चौकोन लाल निघाला.

तिचा चेहरा बघून मला आधी खालचं सूचीपत्र न वाचल्याचा पश्चात्ताप झाला. लाल म्हणजे बंदी नाही. लाल म्हणजे इथे महापालिकेला परस्पर ठरवता येणार नाही, आधी प्राधिकरणाला विचारावं लागेल. जागा धावपट्टीच्या इतकी जवळ किंवा अशा कोपऱ्यात आहे की सरसकट आकडा देता येत नाही, प्रत्येक प्लॉटचा हिशेब वेगळा करावा लागतो. “म्हणजे नाही असं म्हटलेलं नाही ना?” आत्याने दोनदा विचारून घेतलं.

इथे एक गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा, विशेषतः तुमच्या गावात विमानतळ असेल आणि घर बांधायचं मनात असेल तर. परवानगीच्या पत्रात जो आकडा येतो, तो इमारतीच्या उंचीचा नसतो. तो समुद्रसपाटीपासूनचा असतो. समजा पत्रात ३० मीटर लिहिलंय आणि तुमची जमीनच समुद्रसपाटीपासून ९ मीटरवर आहे, तर तुमच्या वाट्याला २१ मीटर. त्यातही टाकी, जिन्यावरची खोली, अँटेना, वीजरोधक, सगळं त्या आकड्याच्या आत बसायला हवं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरून पाऊण तास भांडण झालं होतं, कारण एका काकांनी सगळा आकडा इमारतीलाच लावला होता आणि मनातल्या मनात सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आपल्या मुलाला देऊनही टाकला होता.

नियम कागदावर राहिले तर काय होतं, तेही मुंबईने बघितलं आहे. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेर गेलेले भाग पाडण्याचा आदेश दिला होता. विचार करा, लोक राहत असलेल्या इमारतीचे वरचे मजले! नकाशात थर जुळवून बघायचं काम पाया खणण्याआधी झालं असतं तर हे मजले चढलेच नसते. मला स्वतःला यात वैमानिकाची बाजू बरोबर वाटते आणि आत्याचीही. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असतात तेव्हा फार पंचाईत होते.

जुहूचा धडा

एका रविवारी मी जुहूला गेले. चौपाटीवर तुम्ही गेलाच असाल, पण तिथून जवळच एक लहानसा विमानतळ आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला उतरले होते. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात.

या जुहूची धावपट्टी आणि सांताक्रूझची मोठी धावपट्टी यांची दिशा जवळजवळ सारखीच आहे, पूर्व-पश्चिम. आणि दोन्हींत अंतर फक्त काही किलोमीटरचं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं एक मोठं जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं! तोकडी धावपट्टी संपली आणि विमान पुढे निघून गेलं. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही, पण विमान कायमचं निकामी झालं.

धावपट्टीच्या टोकावर जे मोठे आकडे रंगवलेले असतात, ते तिच्या दिशेचे असतात. होकायंत्रावर ९० अंश असेल तर शेवटचं शून्य सोडून ०९. उलट बाजूने २७. मुंबईची मोठी धावपट्टी ०९ आणि २७ आहे. पण नुसती दिशा पुरत नाही, जुहूने ते दाखवून दिलं. म्हणून आता प्रत्येक धावपट्टीच्या टोकाचे, आजूबाजूच्या प्रत्येक उंच वस्तूचे अक्षांश-रेखांश जगभर एकाच मोजमाप पद्धतीत ठेवले जातात आणि विमानातल्या यंत्रांना तीच माहिती मिळते. घरबसल्या मोबाईलच्या नकाशावर तुम्ही पिझ्झावाल्याला पत्ता देता, ते याच कुटुंबातलं धाकटं भावंड.

गंमत म्हणजे आत्याचं घर या दोन विमानतळांच्या मधोमध आहे. जुहूची परात लहान, सांताक्रूझची मोठी, आणि घरावर दोन्हींची सावली.

पाण्याचा थर, पक्ष्यांचा थर

कुर्ल्याच्या बाजूने विमानतळाकडे गेलात तर मिठी नदी भेटते. भेटते म्हणजे आधी वास येतो. विहार आणि पवई तलावांकडून निघालेली ही नदी माहीमच्या खाडीला मिळायला जाते आणि वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहते. होय, खालून. धावपट्टी वाढवताना नदीला वळवलं गेलं, तिला काटकोनात वळणं घ्यावी लागली. मी पुलावर उभी राहून बघितलं, तर पाणी काळंभोर, संथ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यावर बसलेला एक पांढराशुभ्र बगळा.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी तेव्हा इतकी लहान होते की मला फक्त बाबा फोन लावतायत आणि लागत नाही एवढंच आठवतं. आत्या त्या रात्री ऑफिसातून चालत आली, छातीभर पाण्यातून. मिठी फुगली, विमानतळही बंद पडला. मुंबईचंच असं झालं असंही नाही. चेन्नईची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवर बांधलेली आहे, डिसेंबर २०१५ च्या पुरात तो विमानतळ काही दिवस पाण्याखाली होता. कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१८ च्या पुरात दोन आठवडे बंद होता.

पाण्याला भिंत समजत नाही. त्याला फक्त उतार समजतो. जमिनीच्या उंच-सखलपणाचा थर आणि नाल्यांचा थर एकत्र ठेवला की १०० मिलिमीटर पावसात पाणी कुठे साचेल, ३०० मध्ये कुठे, हे आधी बघता येतं. म्हणून नव्या विमानतळाची जागा ठरवताना धावपट्टी आखायच्या आधी हे दोन थर उघडायला हवेत, असं माझं मत. अर्थात माझ्या मताला कोण विचारतंय!

आणि पक्षी? घाटकोपरला पंतनगरच्या भागात २० मे २०२४ च्या रात्री आकाशातून फ्लेमिंगो पडले. उतरणाऱ्या विमानाला त्यांचा थवा धडकला होता. जवळजवळ ४० पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं. गुलाबी पंख रस्त्यात पडलेले होते, त्यांचे फोटो तुम्हीही व्हॉट्सअॅपवर बघितले असतील. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी येणारे हे पाहुणे, आपल्याकडे त्यांना रोहित म्हणतात, भरती-ओहोटीप्रमाणे एका पाणथळीवरून दुसरीकडे उडतात. नकाशात तोही एक थर असतो. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. कोणता पक्षी कधी, कोणत्या वाटेने उडाला, ते बिंदू नकाशात उमटायला लागले. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला कायद्याने मनाई आहे, तीही पक्ष्यांसाठीच. घारी कचऱ्यावर येतात. आपण रस्त्याच्या कडेला टाकलेली शिळ्या भाताची पिशवी वैमानिकाच्या काळजीचा विषय असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

खाडीपलीकडे

शेवटच्या रविवारी मी अटल सेतूवरून उलव्याला गेले, नवी मुंबईचा विमानतळ बघायला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. ३,७०० मीटरची धावपट्टी, पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची सोय. सांताक्रूझपासून रस्त्याने लांब वाटतो, पण सरळ रेषेत मोजाल तर जेमतेम २५ किलोमीटर. उंचीच्या परवानगीसाठी विमानतळाभोवती २० किलोमीटरचं वर्तुळ धरतात. म्हणजे ही दोन वर्तुळं एकमेकांत शिरतात आणि मधल्या पट्ट्यात घर असेल तर दोन विमानतळांचा हिशेब बघावा लागतो.

मुंबईत विमानतळ आधी आला की वस्ती, यावर वाद घालता येईल. तिथे शहर वाढत गेलं आणि परातीला खालून टेकलं. इथे मात्र कागद आधी तयार होते. सुमारे ११६० हेक्टर जागा, त्यात उलव्याची टेकडी मध्ये येत होती. ती सुरुंग लावून उतरवली. नदी मध्ये येत होती, तिचा प्रवाह वळवला. दलदल भरून जमीन उंच केली. नकाशात टेकडीचा थर बंद करायला एक क्लिक पुरते. इथे त्याला वर्षं लागली.

आणि दहा गावं उठली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे… ही नावं जुन्या नकाशात गावं म्हणून सापडतात. गावकऱ्यांना विकसित भूखंड मिळाले, नवीन घरं झाली, काहींची चांगली झाली. रस्त्यात एका टपरीवर मी चहा घेतला. चहावाल्या आजोबांना विचारलं, तुमचं गाव कुठे होतं? त्यांनी कुंपणाच्या दिशेने हात केला आणि म्हणाले, “ते पांढरं विमान उभंय ना, त्याच्या पलीकडं आमची विहीर व्हती.” मी मोबाईलमध्ये जुन्या उपग्रहचित्रांचा नकाशा उघडला आणि वर्षं मागे सरकवत गेले. २०१०, २००५. छपरं दिसली, शेतं दिसली, हिरवी टेकडी दिसली. आजोबांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी चित्र मोठं करून बघितलं आणि एका झाडावर बोट ठेवलं. “चिंच,” म्हणाले. चहाचे पैसे घेईनात.

हा थर कोणत्याच अर्जात भरायचा नसतो. पण तो कोणीतरी जपून ठेवला पाहिजे, असं मला तिथे बसून फार वाटलं.

गच्चीवरचा माणूस

आमच्या सोसायटीने शेवटी बिल्डरची वाट न बघता स्वतःच अर्ज करायचं ठरवलं. निदान किती उंची मिळते ते तरी कळेल. अर्जात प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, अंश, मिनिटं आणि सेकंदांत, आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर. पन्हळीच्या खाली ३१ मीटर इकडे-तिकडे झालं तर उंचीत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. मोबाईलमधला निळा ठिपका इथे चालत नाही.

त्यामुळे एका सकाळी सर्व्हेवाला तरुण तिकाटणं आणि पांढरा डबा घेऊन आला. चारही कोपऱ्यांवर तिकाटणं लावून थांबला. उपग्रहांचे संकेत पुरेसे येईपर्यंत हलायचं नसतं. सगळी इमारत खिडक्यांतून बघत होती. पाडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तसे लोक त्याच्या यंत्राकडे बघत होते. तो गच्चीवर आला तेव्हा आत्या चहा घेऊन गेली.

“जमीन नऊ मीटर आणि थोडे सेंटिमीटर आहे काकू,” तो म्हणाला.

“चांगलं की वाईट?”

“जितकी कमी तितकं तुमच्यासाठी चांगलं.”

“पण पावसात पाणी भरतं की इथे!”

“मग पाण्यासाठी वाईट,” तो हसला.

आत्याने कठड्यावरच्या कुंडीकडे बोट दाखवलं. “आणि नव्या इमारतीत गच्चीवर तुळस ठेवली तर तीही उंचीत धरतील का हो?”

त्याने खरंच विचार केला. “टाकीपेक्षा उंच वाढू देऊ नका, एवढंच.” तेवढ्यात एक विमान डोक्यावरून गेलं. तिघंही थांबलो. विमान समुद्राकडे वळल्यावर तो पुढे म्हणाला, “साखर जरा कमी चालेल पुढच्या वेळी.”

अर्ज गेला आहे. उत्तर अजून यायचं आहे. आत्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, गॅस सिलिंडरच्या नंबराखाली, घराचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले आहेत. सेकंदांसकट.